मोटर ओढत नाही

आमच्या भाऊजींकडे मोटर दुरुस्तीला आणायची तर उलटतपासणीची तयारी ठेवावी लागते. ओढत नाही म्हणजे नक्की काय होतं? सुरुवातीपासून की तापल्यावर? रिकामी होडी की भरलेली? पेट्रोल कधी भरलं, त्यात ऑइल कोणी मिसळलं, मिसळल्यावर डबा हलवला का? आणणारा माणूस आधीच वैतागलेला असतो, खांद्यावरून एवढं धूड उतरवून धापा टाकत असतो, आणि हे फडक्याला हात पुसत शांतपणे पुढचा प्रश्न विचारतात. समोरच्या दुकानातून ऐकताना माझंच डोकं फिरतं. एकदा एक मासेवाला म्हणाला, "मिस्त्री, मोटर बिघडलीय. मुलगी बघायला नाही आलोय." भाऊजींना विनोद कळतो, पण पोचायला वेळ लागतो. ते म्हणाले, "बरं. डबा हलवला होता का?"

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धक्क्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला त्यांचं वर्कशॉप, उजव्या हाताला माझं रंग आणि दोरखंडाचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत आमचे बाबा. वर्कशॉप म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत लाकडी घोड्यांवर मोटरी टांगलेल्या, आणि कोपऱ्यात वरून कापलेलं पत्र्याचं पिंप पाण्याने भरलेलं. दुरुस्त झालेली मोटर आधी त्या पिंपात चालवून बघायची. मागच्या खोलीत बिस्किटांच्या जुन्या डब्यांत प्लग, जेट, रबरी वॉशर. डब्यांवर काही लिहिलेलं नाही. आत जे आहे त्यातला एक नग झाकणावर चिकटवलेला. सगळीकडे पेट्रोलचा आणि जळक्या ऑइलचा वास. तोच वास भाऊजींच्या शर्टांना येतो, आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे उशीलाही.

माणूस उंच, खांद्यातून जरा वाकलेला, बोटांच्या पेरांत काळं कायमचं मुरलेलं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. लोकांना याचं कौतुक वाटतं, मला राग येतो. माणसाने कधीतरी भांडावं. समोरचा वाट्टेल ते बोलून जातो आणि हे आपले कार्बोरेटरच्या भोकात फुंकर मारत बसतात. ताई म्हणते, तुला काय करायचंय, संसार मी करतेय ना. मला काही करायचं नसतं. पण दुकानं समोरासमोर असली की कानावर पडतंच.

आणि सगळ्यात जास्त त्यांना कोणी बोललं असेल तर आमच्या बाबांनी. बाबा होड्या बांधायचे. या धक्क्यावरच्या जुन्या होड्यांपैकी निम्म्याअधिक त्यांच्या हातच्या. मोटरी आल्या आणि आपल्या कामातला जीव गेला, असं ते म्हणायचे. पूर्वी होडीच्या आकारात चूक झाली तर वल्ही मारणाऱ्याच्या खांद्याला कळायची. आता मागे मोटर लावली की कसलंही खोकं पाण्यावर पळतं. होडीची निमुळती शेपटी सरळ कापायची आणि तिथे मोटर टांगायला जाड फळी बसवायची, हे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. अशात ताईने लग्न ठरवलं ते मोटरवाल्याशी. बाबांनी लग्नात तोंड वाकडं केलं नाही. नंतर मात्र सगळं व्याजासकट वसूल केलं.

"जावईबापू, आज किती मोटरींना औषध पाजलंत?" हे रोजचं. जावई म्हणून अहो-जाहो कधी सुटलं नाही, आणि त्या अहो-जाहोतच सगळी गंमत. भाऊजी बाबांना मामा म्हणतात. "चाललंय, मामा," एवढंच उत्तर. बाबांना भांडायला गडी हवा असायचा आणि हा गडी मैदानातच उतरत नसे. त्यामुळे बाबा आणखी चिडायचे. इतकी वर्षं एका माणसाला टोमणे मारून उत्तर मिळत नाही म्हणजे काय, हे मी समजू शकते. मलाही भाऊजींकडून कधी मिळालेलं नाही.

बाबांनी बांधलेली शेवटची होडी सरकारची. सरकार म्हणजे आमच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला माणसं नेणारा नावाडी. चढणाऱ्या प्रत्येकाला तू इथे बस, तू तिकडे सरक, पिशवी मांडीवर घे, असे हुकूम सोडतो म्हणून सरकार. त्याने बाबांना सांगितलं होतं, काठोकाठ पाणी भरलं तरी बुडणार नाही अशी होडी पाहिजे. बाबांनी डोकं लढवलं. यंत्रांच्या खोक्यांत भरून येतो तो पांढरा फोम त्यांनी कुठूनकुठून गोळा केला, होडीच्या तळात ठासून भरला, आणि वरून फळ्या मारून पक्का बंद करून टाकला. होडी पाण्यात सोडली त्या दिवशी बादल्यांनी पाणी ओतून सगळ्यांना दाखवलं. खरंच बुडाली नाही. त्यानंतर त्यांचे हात कापायला लागले, नजरही अधू झाली, आणि दुसरी होडी झाली नाही. ते मागच्या खोलीच्या खिडकीत बसायचे. तिथून ती होडी जाताना-येताना निळी दिसते, एवढं त्यांना पुरायचं.

तर या होडीची मोटर ओढेनाशी झाली.

मोटर भाऊजींकडचीच, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, धक्क्यावरची सगळ्यात मोठी. एरवी कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदीला ओढ आली. सरकार इथून सुटायचा आणि पलीकडच्या धक्क्याला लागण्याऐवजी प्रवाहाने खाली वाहत जाऊन चिखलात लागायचा. लोकांना चपला हातात घेऊन चिखलातून धक्क्यापर्यंत चालत यावं लागे. पलीकडे दवाखाना आहे, कचेऱ्या आहेत. मंडळी धुतलेल्या कपड्यांत निघालेली असतात. त्यांनी सरकारच्या सात पिढ्या काढल्या. सरकारने आधी लोकांवर ढकललं. म्हणाला, खाऊन खाऊन जड झालात, होडीने काय करावं? ते कोणी ऐकून घेईना, तेव्हा तो वर्कशॉपच्या दारात आला.

"मिस्त्री, गेल्या खेपेला तू मोटर उघडलीस तेव्हापासून ती मेलीय."

"मेलीय म्हणजे नक्की काय होतं?" भाऊजी म्हणाले.

सरकारचा पारा चढला तो उतरलाच नाही. शेवटी जाताना त्याने सांगून टाकलं: येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत मोटर ठीक झाली तर ठीक, नाहीतर तो ती पुलाजवळच्या मोठ्या वर्कशॉपला नेणार. हे त्याने पायऱ्यांवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आता धक्क्यावरचे बाकीचे होडीवाले सरकारकडे बघून चालतात. त्याची मोटर गेली की मागोमाग सगळ्यांच्या जाणार, हे काही कोणी समजावून सांगायला नको होतं. भाऊजींना या एका कामाशिवाय काही येत नाही. ताई त्या संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसली. दोरखंडाचं एक टोक उसवत राहिली. मी तिला ते थांबव म्हणाले, विकायचा माल आहे.

खिडकीतून बाबा सगळं ऐकत होते. त्यांची तर चंगळ झाली. "जावईबापू, होडी माझी आहे म्हणून निदान चिखलात तरी लागतेय. तुमच्या मोटरीच्या भरवशावर सोडली असती तर आतापर्यंत समुद्राला लागली असती."

"बघतो, मामा," भाऊजी म्हणाले.

आणि ते बघायला लागले. मी इतकी वर्षं हे काम समोरून बघतेय, तरी त्या खेपेला पहिल्यांदा नीट बघितलं, कारण मलाही काळजी वाटत होती. आधी पेट्रोल. टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. पाणी असेल तर खाली बसतं. बसलं नाही. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की मोटर थोडा वेळ पळते आणि मग धाप लागल्यासारखी बसते. भोक मोकळं होतं. पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा दाबला, तो दगडासारखा घट्ट झाला आणि तसाच राहिला. म्हणजे कुठे गळती नाही. मग प्लग काढले. दोन्हींचा रंग सारखा, भाजलेल्या विटेचा. पिंपात मोटर चालू करून आधी एका प्लगची टोपी काढली, मग दुसऱ्याची. दोन्ही वेळा आवाज सारखाच पडला. दोन्ही सिलिंडर आपापलं काम करत होते.

मग त्यांनी कार्बोरेटर उघडला. जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकांच्या पितळी नळ्या, उजेडासमोर धरून बघितल्या, फुंकर मारली. वेग द्यायची मूठ पूर्ण पिळल्यावर आतली झडप पूर्ण उघडते की नाही ते आरशाच्या तुकड्यात बघितलं, कारण बऱ्याचदा तारच सैल झालेली असते आणि लोक इंजिन उघडून बसतात. तार नीट होती. धूर जायच्या वाटेत काजळी साचते, ती खरवडली, फार नव्हतीच. सिलिंडरमधला दाब मोजला, दोन्हीकडे सारखा. ताई दुपारी जेवणाचा डबा ठेवून गेली होती, तो संध्याकाळी तसाच होता.

शेवटी पाणी मागे ढकलणारा पंखा राहिला. पंख्याच्या पोटात रबर असतं. ते सुटलं की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो, मोटर नुसती ओरडते. त्यासाठी ते माझ्याकडे लाल रंग मागायला आले. बोटाच्या टोकावर मावेल एवढा. मी म्हटलं, डबा घेऊन जा. ते म्हणाले, नको, एवढाच पुरे. दांड्यावर आणि पंख्यावर मिळून त्यांनी लाल रेघ ओढली आणि सरकारला दिवसभर होडी चालवायला सांगितली. संध्याकाळी रेघ जिथल्या तिथे, सरळ. रबर घसरत नव्हतं. होडी मात्र पुन्हा चिखलात.

"काही सापडलं का?" मी विचारलं.

"मोटरीत काही नाही."

"मग कशात आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, "उद्या सकाळी पहिल्या फेरीच्या आधी येशील? होडी धरायला कोणीतरी पाहिजे."

मी गेले. त्यांनी सरकारची मोटर काढून त्या मासेवाल्याच्या होडीला लावली. होडी तेवढ्याच लांबीची, पण जुनी, कळकट. मूठ पिळली मात्र, होडीने नाक वर उचललं आणि अशी सुटली की मी बसले होते ती मागे पडले. प्रवाहाच्या विरुद्ध सरळ वर गेलो. मला हसू फुटलं. भाऊजी हसले नाहीत. परत येऊन त्यांनी मासेवाल्याची धडधाकट मोटर सरकारच्या होडीला लावली. ती गुरगुरली, पाणी घुसळलं, आणि होडी बसल्या जागची जेमतेम हलली. भाऊजींनी मूठ सोडली.

मला वाटलं, सुटले बिचारे. मोटर निर्दोष आहे, दाखवून द्या सगळ्यांना, सरकारचं तोंड बंद करा. मी तसं म्हणालेही. ते काठावर उतरले, खिशातून पातं काढलं आणि होडीच्या कुशीला, पाण्याच्या रेषेपाशी, रंग खरवडायला लागले.

इथे मला आमच्याकडची रंगाची पद्धत सांगायला हवी. रंग मीच विकते, त्यामुळे मला ती पाठ आहे. वर्षातून एकदा नदी आटली की होड्या आपोआप वाळूवर टेकतात. कोणी उचलत नाही, ओढत नाही. मग होडीच्या कुशीवर शेवाळाची खूण जिथवर आली असेल तिथवर काळा रंग द्यायचा, त्याच्या लगेच वर दोन बोटं पिवळा पट्टा, आणि त्याच्या वर होडीचा जो असेल तो रंग. पट्टा शेवाळाच्या वर. बस, एवढाच नियम. मूळ पट्टा कुठे होता, ते कोणी बघत नाही. शेवाळ सांगेल तिथे पट्टा.

भाऊजींनी काळा रंग खरवडला, तर खाली पिवळा निघाला. आणखी खाली खरवडलं, आणखी पिवळा. पट्ट्याखाली पट्टा, प्रत्येक वर्षीचा आदल्या वर्षीच्यापेक्षा जरासा वर. सगळ्यात खालचा दोरी धरून मारल्यासारखा सरळ होता. तो बाबांच्या हातचा. त्याच्यात आणि आजच्या पट्ट्यात चांगलं चार बोटांचं अंतर. होडी दर वर्षी थोडी थोडी खाली बसत होती, आणि सरकार दर वर्षी पट्टा थोडा थोडा वर नेऊन तिला पूर्वीसारखीच दिसायला लावत होता.

"जड झालीय," भाऊजी म्हणाले. त्यांनी आत वाकून फळ्यांवर मुठीने ठोकलं. पोकळ आवाज यायला हवा होता. आला तो नुसता भद्द. "फोम. पाणी प्यालाय."

लाकडी होडीत थोडं पाणी येतंच. फटींतून येतं, लाटेने येतं, लोकांच्या पायांनी येतं. ते तळाशी जमतं आणि डब्याने उपसून टाकायचं. बाबांनी उपसायला जागाच ठेवली नव्हती. खाली गेलेलं पाणी फोमने धरून ठेवलं आणि वरच्या फळ्यांनी लपवून ठेवलं. बुडू नये म्हणून जे भरलं, त्याच्याच ओझ्याने होडी बसत चालली होती. काय म्हणावं याला.

"मग सांगा बाबांना," मी म्हणाले. "इतकी वर्षं तुम्हाला बोलतायत. सांगा, की मोटर नाही, होडी."

"त्यांची शेवटची आहे ती."

"आणि तुमचं काय? वर्कशॉप बंद करून काय करणार आहात?"

ते पातं पुसत राहिले. "पाणी काढायला तर लागणारच," म्हणाले. "एवढ्या माणसांना घेऊन जाते. फळ्या उचकायलाच लागतील." मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, आपल्याशीच: "पण पाणी कसं शिरलं, ते कसंही सांगता येईल." मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. कळला असता तर मी तिथेच भांडले असते.

बाजाराच्या दिवशी सकाळी सरकार आला. पायऱ्यांवर गर्दी होतीच. आपापल्या मोटरींसाठी आलेले दोघे-तिघे होडीवाले वर्कशॉपच्या दारात उभे होते. भाऊजी बाहेर आले, फडकं खांद्यावर टाकलं.

"मोटर चांगली आहे," ते म्हणाले. "होडीच्या फळ्यांखाली पाणी भरलंय. फोम भिजलाय. तो काढायला लागेल."

"पाणी शिरलं कुठून?"

भाऊजींनी वर खिडकीकडे बघितलं नाही. मी बघितलं. बाबा बसले होते.

"पेट्रोलच्या टाकीचा ब्रॅकेट मी बसवला होता," भाऊजी म्हणाले. "त्याचा स्क्रू आरपार गेला असणार. तिथून शिरलं."

मी जागची हलले नाही. माझ्या हातात रंग ढवळायची काठी होती आणि रंग माझ्या पायावर गळत होता. सरकारने मग जे तोंड सोडलं ते सांगण्यासारखं नाही. चांगल्या होडीला याने भोक पाडलं, वर्षानुवर्षं माणसं घेऊन मी नदीत जातोय आणि हा आज सांगतोय, अशा माणसाच्या हातात मोटर देतं कोण. जमलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मासेवाला, जो परवाच स्वतःची मोटर आमच्या प्रयोगाला देऊन गेला होता, तो आत गेला आणि मोटर खांद्यावर टाकून बाहेर आला. भाऊजींच्या नजरेला नजर दिली नाही. दुसराही आपली शोधायला आत शिरला. ताई वर घराच्या दारात उभी होती. भाऊजी तसेच, हात खाली सोडून, सगळं अंगावर घेत उभे. त्यांचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्यांच्यासाठी इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांची हाक आली. "मला खाली न्या."

मी म्हटलं, बाबा, पायऱ्या आहेत. ते म्हणाले, पायऱ्या मला माहीत आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत, एकेक पायरी करत ते उतरले. लोकांनी वाट दिली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता जावयाची उरलीसुरली अब्रू काढणार. मलाही तेच वाटत होतं, आणि या वेळी मी बाबांना गप्प करणार होते, काय व्हायचं ते होवो.

सरकारने आणि मी धरून त्यांना होडीत उतरवलं. "ब्रॅकेट कुठाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात तिथे नेला. बाबांची बोटं कापत होती, पण लाकडावर टेकली की थोडी थांबायची. त्यांनी ब्रॅकेट चाचपला, स्क्रूचं डोकं चाचपलं, मग त्याच्या खालची आडवी तुळई दोन्ही बाजूंनी धरून बघितली.

"हा स्क्रू काढा एक."

भाऊजी म्हणाले, "मामा, राहू दे."

"काढा."

भाऊजींनी काढला. बाबांनी तो तळहातावर घेतला. अर्ध्या बोटाएवढाच होता. मोटरवाल्याने शोधून आणलेला, आखूड, पितळी, लाकडात पूर्ण मुरेल आणि पलीकडे निघणार नाही असा. बाबांनी तो सरकारच्या हातात दिला.

"ही तुळई चार बोटं जाड आहे. मीच घातलीय. हा आरपार कसा जाईल, सांग."

सरकारने स्क्रू बघितला, तुळई बघितली. मासेवाला मोटर खांद्यावर घेऊन तसाच थांबला.

बाबांनी काठी उलटी धरली आणि फळ्यांवर ठोकत पुढून मागे गेले. सगळीकडे तोच आवाज, ओल्या पोत्यावर ठोकल्यासारखा. एकदा ते होडीच्या काठावरून बाहेर वाकले आणि भाऊजींनी खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं. पट्ट्यांच्या कडा बोटाला लागत असणार. बोट सगळ्यात खालच्या पट्ट्यावर नेऊन ठेवलं. मग ते वळले.

"याने भोक पाडलेलं नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "याच्या हातून असं काम होत नाही. इतकी वर्षं मी खिडकीतून बघतोय. फोम मी भरला, आणि पाण्याला वाट मी ठेवली नाही. चूक माझी आहे. मोटरी कोणी नेल्या असतील त्या परत आत ठेवा."

मासेवाला मोटर घेऊन परत आत गेला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, ते उभं राहिलं. ताई पायऱ्या उतरून खाली आली होती. भाऊजींनी तोंड फिरवलं होतं आणि ते फडक्याने तेच ते बोट पुन्हा पुन्हा पुसत होते.

"पहार आण," बाबा त्यांना म्हणाले. अहो-जाहो नव्हतं. भाऊजींनी आणली आणि जवळच्या फळीच्या फटीत टोक घालायला वाकले.

"तिथे नको. तिथे खिळे वाकवून मारलेत, फळी फाटेल. त्या टोकाकडून घाल. ती मी सगळ्यात शेवटी बसवली होती, ती आधी निघेल."

भाऊजी त्या टोकाला गेले. पहार हातात धरून तसेच थांबले. "मामा, तुम्ही वर जा. आम्ही उद्या करतो."

"आत्ता कर," बाबा म्हणाले. "मला दिसतंय तोवर कर. कुठला खिळा कुठे आहे, ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही."

ते आडव्या तुळईवर बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली, आणि भाऊजींनी पहार घातली.